अर्ध्या जोडप्याचा व्हिसा आणि माझी साक्ष

बसा. चहाला उकळी येतेय तोवर माझी एक फजिती ऐका. हसायला हरकत नाही. पण शेवटपर्यंत ऐकलंत तर हसण्याचा आवाज आपोआप कमी होईल, हे आधीच सांगून ठेवतो.

मी जुन्नर-आंबेगावचा बातमीदार. पुण्याच्या एका दैनिकासाठी या दोन तालुक्यांची धूळ खाण्यात माझी हयात गेली. तहसीलदार, अभियंते, सभापती, भांडायचा म्हणून कोणी शिल्लक ठेवला नाही. मला पाहून लोक रस्ता बदलतात आणि मी त्याला आदर समजतो. एवढ्या लढाया केल्या, पण खरोखर जायबंदी झाला तो एकच माणूस, आणि तो निघाला माझा पुतण्या. तोही लेखणीनं नाही झाला. तोंडानं झाला.

पुतण्या म्हणजे चुलतभावाचा मुलगा. चुलतभाऊ नामदेवदादा, राहणार बोरी बुद्रुक. घरात दादा, वहिनी आणि दोन मुलं. थोरला संतोष, नारायणगावात पाण्याच्या जळालेल्या मोटारींच्या तारा पुन्हा गुंडाळायचं, रिवाइंडिंगचं दुकान चालवायचा. धाकटा विलास शेती बघायचा. संतोषची बायको सुरेखा नर्स. पुण्यात मोठ्या हॉस्पिटलात नोकरी, तिथल्याच हॉस्टेलवर मुक्काम, सुट्टी मिळाली की बोरीला. लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि या तीन वर्षांत दोघांनी एकत्र किती जेवणं केली असतील ते दोघांनाच ठाऊक.

त्याचाच दोघांना वीट आला होता. दोन हजार सालानंतरचे ते दिवस. बाहेरच्या देशांना नर्सेस हव्या होत्या. सुरेखानं एका देशात अर्ज केला. देशाचं नाव सांगत नाही. त्यांच्या वकिलातीशी माझं एकदा वाजलंय, पुन्हा नको. तिथं संतोषसारख्या वायरमनलाही काम होतं. म्हणजे पहिल्यांदाच दोघं एका घरात, एका छपराखाली राहणार. परदेश वगैरे सगळं नंतर. त्यांना हवं होतं ते एवढंच, संध्याकाळी एकाच दाराला आतून कडी लावायची.

पुण्याच्या एजंटानं दोघांचे कागद एकत्र पाठवले. आणि मंजुरी आली ती फक्त सुरेखाची.

संतोषचा अर्ज म्हणे दुसऱ्या टेबलावर. जोडीदाराचा विभाग वेगळा, त्याची चौकशी वेगळी, त्याचा काळ वेगळा. आता मला सांगा, लग्न एका मांडवात लागलं, अर्ज एका पाकिटात गेले, आणि मंजुरी अर्ध्या जोडप्याला? ही काय एसटीची सीट आहे, एकाला खिडकी आणि दुसऱ्याला उभं राहा म्हणायला? मी तर पेटलोच. एजंटाला फोन करून एवढा झापला की त्यानं फोन बाजूला ठेवून चहा पिऊन घेतला असावा.

गावाला मात्र विषय मिळाला. बायको पुढं आणि नवरा मागं, हे आमच्याकडे यात्रेतसुद्धा कोणी पाहिलेलं नव्हतं. संतोष दुकानाकडे निघाला की गावच्या फाट्यावरच्या पारावरून आवाज यायचा, "काय रं संत्या, मालकीणबाई पुढल्या गाडीनं, अन् तू काय रजिस्टर पार्सलनं का?" दुसरा म्हणायचा, "आरं, त्याला बी सामानात धरत्यात. वजनात बसला तर नेतील." संतोष हसायचा. पण रोज हसून हसून माणसाच्या जबड्याला काय होतं ते त्याच्या तोंडाकडे पाहिल्यावर कळायचं.

तिकडचं हॉस्पिटल थांबायला तयार नव्हतं. सुरेखानं एकदा मुदत वाढवून घेतली होती. पुन्हा वाढणार नाही असं स्पष्ट कळवलं होतं. त्या मुदतीच्या आत संतोषचा व्हिसा आला तर दोघं जाणार. नाही आला तर ती एकटी. एवढाच प्रश्न होता, आणि तो मला तोंडपाठ होता. तरी मी काय केलं ते ऐका.

त्याच दिवसांत वहिनींनी मला दुसरं एक काम सांगितलं होतं. विलाससाठी त्या मुली बघत होत्या, आणि शेतीवाल्या मुलाला मुली मिळेनाशा व्हायला लागल्या होत्या. दोन स्थळं आली आणि गेली. दोन्ही वेळा कारण एकच. मुलीकडचे म्हणायचे, थोरली सून नोकरीवाली, उद्या थोरला तिच्यामागं परदेशात जाईल, मग म्हातारा-म्हातारी, गुरं आणि शेती, सगळं आमच्या पोरीच्या गळ्यात. आता ओतूरकडचं एक स्थळ होतं. वहिनी म्हणाल्या, "भावजी, त्यांचा माणूस कवा बी चौकशीला येईल. घरी न्हाई यायचा, भाईरच्या भाईर इचारील. तुमी फाट्यावर असता, तवा जरा सांभाळून घ्या."

आमच्याकडे स्थळाची चौकशी अशीच होते. माणूस घरी जात नाही. फाट्यावर उतरतो, चहा घेतो, हजामाकडे बसतो, नाव-गाव सांगत नाही, आणि आडून आडून विचारतो. आपणही ओळख दाखवायची नाही. पण जे सांगायचं ते असं सांगायचं की मुलीचा बाप ऐकून निर्धास्त व्हावा. ही एक कला आहे. निदान ती मला येते असा माझा समज होता.

तर एक दिवस दुपारी मी फाट्यावर इब्राहिमभाईच्या हॉटेलात बसलो होतो. एसटीतून एक गृहस्थ उतरले. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, काखेत रेक्झिनची बॅग. चहा मागवला आणि इकडंतिकडं बघून इब्राहिमभाईला हळूच विचारलं, नामदेवरावांचं घर कसं आहे? माणसं कशी?

मी मनात म्हटलं, आला ओतूरचा पाहुणा. हयातभर माणसं वाचलेला मी. पाहुण्याच्या चपलेवरून त्याचा तालुका सांगतो.

"या, इकडं बसा," मी म्हणालो. "त्या घराची माहिती माझ्याएवढी कोणाला नाही. मी त्यांचा चुलतभाऊ. शिवाय पत्रकार." आणि कार्ड दिलं. त्यांना फार आनंद झाला. पत्रकार म्हटल्यावर माणसाचा आमच्यावर विश्वास बसतो, हा त्या काळातला गैरसमज.

आधी त्यांनी शेतीचं विचारलं, घरात माणसं किती ते विचारलं. मग सहज विचारल्यासारखं, "थोरले चिरंजीव आणि त्यांच्या मिसेस, इथंच असतात का दोघं?"

हे येणार, मला माहीतच होतं. मुलीच्या बापाला पहिली धास्ती जावेची. एका स्वयंपाकघरात दोन सुना म्हणजे रोजचं महाभारत. मी त्यांना दिलासा दिला.

"थोरली सून? ती असते कुठं घरात! ती पुण्यात, हा इथं. लग्न झाल्यापासून हेच. यात्रेला, दिवाळीला येते, पाहुण्यासारखी राहते, जाते. घर एकदम मोकळं."

"तीन वर्षं असंच?"

"अगदी. सवय झालीय दोघांना."

पाहुण्यांनी बॅगेतून वही काढली. "लिहून घेतलं तर चालेल ना?"

आता इथं माझी कीव करा. आयुष्यभर मी दुसऱ्यांचं लिहून घेतलं. माझं बोलणं कोणी लिहून घ्यायची ही पहिलीच वेळ. मी ताठ बसलो. म्हटलं, घ्या, बिनधास्त घ्या. आणि त्यांना कष्ट पडू नयेत म्हणून मुद्देसूद, वाक्य तोडून तोडून सांगायला लागलो.

इब्राहिमभाई मधे काहीतरी म्हणत होता. "पत्रकारसाब, जरा हिकडं येता का, गॅस बघा ना..." मी हातानंच गप्प केला. पत्रकाराला गॅसमधलं काय कळतं?

"दोघांमध्ये काही वाद वगैरे?" पाहुण्यांनी विचारलं.

"अहो, वादाला आधी भेट तर व्हायला हवी!"

पाहुणे हसले. मीही हसलो. वाक्य मला इतकं आवडलं की त्यांनी नीट लिहिलंय का ते मी वाकून पाहिलं.

"आणि लग्न? रीतसर झालं होतं ना?"

हा देण्याघेण्याचा प्रश्न, मी ओळखलं. घर हुंड्याला हपापलेलं नाही, हे ठसवायची हीच वेळ. म्हटलं, "कसलं रीतसर घेऊन बसलात! सकाळी मुलगी बघायला गेलो, दुपारी साखरपुडा ठरला, आणि मंडळी जमलीच आहेत तर साखरपुड्यातच लग्न उरकून टाकलं. देणं नाही, घेणं नाही, मानपान नाही. पोरानं तर मुलीचा चेहरासुद्धा धड पाहिला नव्हता."

"फोटो, व्हिडिओ?"

"फोटोग्राफर बोलवायला वेळ कुणाला? तसला बडेजाव या घरात नाही."

पाहुणे भराभर लिहीत होते. एवढी साधी माणसं ऐकून माणूस भारावला, असं मी धरून चाललो. मग त्यांनी तो शेवटचा प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी मी टपून बसलो होतो.

"मिसेस परदेशात जाणार म्हणतात. मग हेही मागोमाग जाणार असतील?"

याच दगडाला ठेचकाळून दोन स्थळं गेली होती. तिसरं जाऊ द्यायचं नाही. मी पुढं सरकलो, आवाज खाली आणला.

"तुम्ही निश्चिंत राहा. संतोष कुठं जात नाही. जीव त्याचा इथं, आईबापात, दुकानात. अर्ज केला तो लोकलाजेस्तव. ती जाईल, नोकरी करील, हा इथंच राहील. आजवर एक इकडं एक तिकडं होतंच, आता फक्त अंतर वाढेल. मी त्याचा काका सांगतोय, लिहून घ्या."

त्यांनी लिहून घेतलं.

उठताना त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "फार मोकळेपणानं बोललात. इतकी स्पष्ट माहिती आम्हाला कुठं मिळत नाही."

ते एसटीत बसल्यावर इब्राहिमभाई फडकं खांद्यावर टाकून आला. म्हणाला, "साब, मी कवाधरनं खुणावतोय. सोयरीकवालं वही घिऊन कवा येत्यात का? अन् ह्यांनी पोराचं एक अक्षर इचारलं न्हाई. विलास पितो का, तंबाखू खातो का, काय बी न्हाई."

मी म्हटलं, इब्राहिमभाई, तुझा धंदा चहाचा, माझा माणसांचा. ज्याचं त्यानं करावं.

तिथून तडक बोरी. वहिनींना म्हटलं, घर सारवा, स्थळ पक्कं करून आलोय. काय बोललो ते मात्र सविस्तर सांगितलं नाही. कलावंत आपली कला फोड करून सांगत नाही. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढचे आठ-पंधरा दिवस त्या घरात जी धावपळ झाली ती आठवली की आजही मान खाली जाते. भिंतींना चुना लागला. विलासनं नारायणगावहून दोन पँटी शिवून आणल्या आणि रोज संध्याकाळी त्यातली एक घालून ओट्यावर बसायला लागला, न जाणो आजच आले तर. बिचारा संतोष स्वतःचं दुःख बाजूला ठेवून भावासाठी ट्यूबलाइट बसवत होता.

ओतूरचे आलेच नाहीत. यायचे कुठून? मागनं कळलं, त्यांनी चौकशीला माणूस पाठवलाच नव्हता. मुलीचं दुसरीकडं जमलं होतं.

आला तो एजंटाचा फोन. संतोषचा अर्ज फेटाळला होता.

मग मात्र माझ्यातला पत्रकार खवळून उठला. संतोष आणि सुरेखाला घेऊन मी पुण्याला एजंटाच्या ऑफिसात गेलो. जाताना एसटीत मी अग्रलेखाचे दोन परिच्छेद मनात तयार केले होते. आत गेल्या गेल्या टेबलावर हात आपटला. म्हटलं, नवरा-बायकोची ताटातूट करणारे हे कोण लागून गेले? कशाच्या आधारावर? एजंट म्हणाला, त्यांनी गावात माणूस पाठवून चौकशी केली, साक्ष मिळाली. मी ओरडलो, "कोण तो साक्षीदार? त्याचं नाव द्या मला. उद्याच्या अंकात त्याची लक्तरं काढली नाहीत तर नावाचा बातमीदार नाही!"

एजंट सभ्य माणूस. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा संतोषकडे. मग इंग्रजीतला कागद माझ्यापुढं सरकवला. म्हणाला, "तुम्ही शिकलेले आहात. तुम्हीच वाचा."

मी चष्मा लावला आणि दोघांना समजावं म्हणून मराठीत अर्थ सांगत मोठ्यानं वाचायला लागलो. अर्जदार आणि त्याची पत्नी लग्नापासून एकत्र राहत नाहीत. पत्नी सणावाराला पाहुण्यासारखी येते. "बघा, कसलं धादांत खोटं!" मी म्हणालो. लग्न घाईत, साखरपुड्यातच उरकण्यात आलं. त्याचे फोटो उपलब्ध नाहीत. इथं माझा आवाज जरा बसला. पुढची ओळ अवतरणचिन्हात होती. दोघांमध्ये वाद आहेत काय, असं विचारता साक्षीदार म्हणाला की, वादासाठी आधी भेट व्हायला हवी.

इंग्रजीतसुद्धा ते वाक्य झकास वाटत होतं, हे नमूद करतो.

मी थांबलो. संतोषच्या ध्यानात अजून काही आलं नव्हतं. तो म्हणाला, "काका, असं कोण बोललं असंल आपल्याबद्दल?"

सुरेखाच्या ध्यानात आलं होतं. रात्रपाळीत पेशंटचा श्वास बदलला की नर्सला कळतं, तसं तिला कळलं असावं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, पुढचं वाचा."

पुढं लिहिलं होतं की अर्जदाराचा परदेशी जाण्याचा खरा हेतू नाही, अर्ज केवळ लोकलाजेस्तव केला आहे. ही माहिती अर्जदाराचे निकटचे नातेवाईक व परिसरातील ज्येष्ठ पत्रकार यांनी स्वेच्छेनं दिली असून ती विश्वासार्ह वाटते.

हयातीत मला कोणी लेखी विश्वासार्ह म्हटलं ते तेवढंच.

मी सगळं सांगितलं. स्थळ, ओतूर, फाटा, सगळं. संतोष ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "म्हंजे इलासचं जमावं म्हणून तुमी माझं मोडलं?" आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो. भांडण मला जमतं. त्याला फक्त हिशेब लागत नव्हता. सुरेखा पर्समधून रुमाल काढून पुन्हा आत ठेवत होती, काढत होती, ठेवत होती.

मी निस्तरायचं ठरवलं. सगळ्या कारकिर्दीत मी कधी खुलासा छापला नव्हता. छापलं ते छापलं. पण त्या आठवड्यात मी वकिलातीला स्वतःच्या हातानं खुलासा लिहिला. दोन पानी. की मी दिलेली माहिती चुकीची आहे, हे जोडपं एकमेकांवर जीव टाकतं, आणि मी ते सगळं एका मुलीच्या बापाला खूश करण्यासाठी बोललो होतो. जोर यावा म्हणून शेवटी त्यांच्या कारभारावर चार खणखणीत वाक्यंही लिहिली. सवय.

उत्तर आलं ते एजंटाकडे. त्यांचं म्हणणं असं की हा साक्षीदार स्वतःच कबूल करतो की प्रसंग पाहून तो वेगवेगळं बोलतो. तेव्हा त्याचं आधीचं खरं की आताचं, हे ठरवता येत नाही. म्हणजे आधी फक्त संतोष संशयास्पद होता. आता त्याचा काकाही झाला. एजंटानं हात जोडून सांगितलं, साहेब, आता नवा अर्ज करू, पण तुम्ही काही लिहू नका. कृपा करा.

मुदत संपत आली. सुरेखा एकटी गेली.

विमानतळावर मी गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार? संतोष तिची बॅग घेऊन मुंबईला गेला आणि मोकळ्या हातानं परत आला. दुसऱ्या दिवशी दुकानाकडे निघाला. मी फाट्यावरून पाहत होतो. पारावरची मंडळी तिथंच होती, पण कोणी काही बोललं नाही. एरवी ज्यांच्या जिभेला हाड नव्हतं त्यांनी त्याला बसायला जागा करून दिली. टोमणे बंद झाले तेव्हा मला कळलं, की हे प्रकरण आता गमतीचं राहिलेलं नाही.

घरात मला कोणी एक शब्द बोललं नाही. ते शिव्या घालण्यापेक्षा वाईट. एकदा मळ्यात दादाजवळ बसलो होतो. म्हटलं, दादा, बोल की काहीतरी. थुंक माझ्यावर. दादानं खोऱ्यानं वाफ्याचा बांध नीट केला. मग म्हणाला, "मुकुंदा, तुला काय बोलू? पोरगं ऱ्हायलं म्हणून मी आतनं खूश झालो व्हतो. त्याच्या तोंडाकडं बघवत न्हाई मला." उठून पाण्याचं बारं बदलायला गेला. त्या दिवसानंतर मला बरं वाटण्याऐवजी आणखी वाईट वाटायला लागलं. मी खोटं बोललो होतो आणि ते कोणाच्या तरी मनातलं होतं.

दर रविवारी संतोष फाट्यावरच्या एसटीडी बूथवर जाऊन बसायचा. सुरेखाचा फोन तिथं यायचा. काचेच्या त्या पेटीत उभा राहून पोरगा बायकोशी संसार करत होता, आणि बाहेर रांगेतली माणसं घड्याळ बघत होती. ती तिकडं एकटी भाकरी थापते, म्हणाला एकदा. दोन थापते, एक उरते. मी म्हटलं, मग एकच थापायला सांग. तो म्हणाला, "सांगितलं. न्हाई जमत तिला."

नवा अर्ज गेला. महिने गेले. वर्ष उलटलं. पुन्हा चौकशी होणार होती, पण या वेळी तारीख कळवून. हे मला कोणी सांगितलं नाही, हे आता सांगतो.

एका सकाळी वहिनी स्वतः फाट्यावर आल्या. वहिनी फाट्यावर कधी येत नाहीत. घाईघाईनं म्हणाल्या, "भावजी, पारगावला ऊसतोडवाल्यांनी कोयतं खाली ठेवल्यात म्हणं. मोठा संप हाय. तुमी गेलं पायजे."

सांगा, पत्रकाराला आणखी काय लागतं? तोडणी मजुरांवर अन्याय, आणि मी चहा पीत बसलोय? स्कूटरला लाथ मारली आणि निघालो. पारगावच्या शिवारात पोचलो तर फडात कोयते सपासप चालू. मी एका मुकादमाला विचारलं, संप कुठाय? तो म्हणाला, कसला संप, पावणं? मला वाटलं दडपण आहे, माणसं घाबरलीत. मी फडाफडातून फिरलो. तोडणाऱ्या बायांना विचारलं, तुमच्यावर काही अन्याय? एक म्हणाली, "बाबा, बाजूला व्हता का, मोळी लागंल." दुपारपर्यंत मी संप शोधला. शेवटी त्यांनीच कीव येऊन भाकरी-ठेचा खायला दिला. संप मिळाला नाही म्हणून मी इतका निराश झालो, की संध्याकाळी परत आल्यावर चौकशीला माणूस येऊन गेल्याचं ऐकलं तरी आधी काही कळलंच नाही.

इब्राहिमभाईनं सांगितलं. या वेळी बाई आल्या होत्या, जीपमधून. थेट घरी गेल्या. वहिनींना विचारलं, मुलाचं आणि सुनेचं कसं आहे? वहिनी कधी चार वाक्यं सलग बोललेल्या नाहीत. म्हणाल्या, "फोन यायचा दिवस आसला की पोरगं सकाळधरनं जेवत न्हाई. आता तुमीच बघा कसं हाय ते." आणि पदर तोंडाला लावला. झालं. बाईंनी वही मिटली, चहा घेतला, गेल्या.

महिन्याभरात संतोषचा व्हिसा आला.

तो गेला त्या संध्याकाळी मी बोरीला गेलो. या वेळी मुंबईपर्यंत गाडीत बसून त्याला सोडून आलो होतो. विमानतळावर त्यानं वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, काका, जपून ऱ्हावा. कशापासून जपून, ते बोलला नाही. घरी दादा अंगणात खाटेवर पडला होता, डोळे मिटून, पण झोपला नव्हता. विलास गुरांकडे. नव्या चुन्याच्या भिंती आता परत मळल्या होत्या. वहिनींनी चहा दिला. चार माणसांच्या घरात तीन राहिली की कप ठेवल्याचा आवाजसुद्धा मोठा येतो.

मला राहवलं नाही. म्हटलं, वहिनी, एक विचारू? संप नव्हता हे तुम्हाला माहीत होतं ना?

त्यांनी मान हलवली.

"मग मला उगाच उन्हातान्हात पारगावला का पिटाळलं? सरळ म्हणायचं होतं, भावजी, आज चौकशीला माणूस येणार, तुम्ही गप बसा. मी बसलो असतो."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. पोरगा गेलेल्या त्या घरात मी आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या ओठांवर जरासं हसू आलं.

"न्हाई भावजी," त्या म्हणाल्या. "तुमाला गप बसवायचं म्हंजे लई लांबचं काम. त्याच्यापरीस पारगाव जवळ पडलं."